वाळू चाळणारा निवटा: ठाण्यातल्या चार फुटी रीफ टाकीच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

घरातली खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी (रीफ) ४ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. खडक आणि वाळूची जागा वजा केली तर साधारण २०० लिटर पाणी. खाली ६० लिटरचा सम्प (गाळणीची जोडटाकी), त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र). टाकी सुरू होऊन चौदा महिने झाले. रहिवासी: क्लाउनफिशची जोडी, एक सिक्सलाइन रास (छोटा पट्टेदार मासा), सात-आठ नासारियस गोगलगाई. खडकांवर मऊ प्रवाळं: झोअँथिड, मश्रूम आणि एक लेदर कोरल.

तक्रार एकच, आणि ती पहिल्या महिन्यापासूनची: तळ. दर रविवारी नळीने ओढून काढतो, बुधवारपर्यंत पुन्हा तपकिरी साय. पुढच्या डाव्या कोपऱ्यात प्रवाह पोचत नाही, तिथे आता लालसर-जांभळा थर धरलाय. चिमटीत धरला की ओल्या कापडासारखा सुटतो. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे जिवाणू. घरी कोणी आलं की आधी त्या कोपऱ्याकडेच बघतं, असं मला तरी वाटतं.

१३ जानेवारी

दुकानदाराचा सल्ला: "साहेब, एक डायमंड गोबी सोडा. आठवड्यात वाळू दुधासारखी."

दुकानातल्या टाकीत हा वाळू चाळणारा मासा एक होताच. पांढरट अंग, त्यावर नारिंगी ठिपक्यांच्या ओळी, डोळे वर काढलेले. तोंड वाळूत खुपसायचा, गाल भरायचा, दोन-तीन वेळा चावल्यासारखं करायचा आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांतून वाळू झिरपत खाली. पंधरा मिनिटं उभा राहिलो. शास्त्रीय नाव व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. 'प्युएलारिस' म्हणजे लॅटिनमध्ये मुलीसारखा. का, ते बघताना तरी कळलं नाही.

घेतला नाही. माझा तळ शिंपल्यांच्या जाड्या चुऱ्याचा आहे, ४-५ मिलिमीटरचा आणि टोकदार. या माशाच्या कल्ल्यांच्या कमानींवर बारीक दाते असतात, त्यांतून वाळू गळते आणि किडेमकोडे अडकतात. रव्याच्या चाळणीत पोहे ओतावेत तसं होईल, वर तोंड सोलवटेल ते वेगळं.

दुसरे पर्यायही तपासले. समुद्रकाकडी वाळू उत्तम साफ करते, पण २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सगळी दगडी प्रवाळंही तेव्हाच त्या यादीत आली. माझ्याकडे नुसती मऊ मंडळी का आणि खडक सिमेंटचे का, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर देतो. वाळूतला तारामासा नको, तो तळातलं सगळं जिवंत खाऊन टाकतो आणि मग उपाशी मरतो. (हे वाक्य मी स्वतःच्या हाताने १३ जानेवारीला लिहिलंय, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.)

हेतू: तळ स्वच्छ. मुदत: होळी.

२१ जानेवारी ते ११ फेब्रुवारी

वाळू बदलली. चार रविवार, दर वेळी एक चतुर्थांश पट्टा. पाणी बदलताना एक इंची नळीने जुना चुरा पाण्यासकट बादलीत ओढायचा. एका दिवसात सगळा उपसला तर तळात साठलेली घाण एकदम पाण्यात सुटते. तिसऱ्या पट्ट्याखाली काळा थर निघाला आणि घरभर सडक्या अंड्याचा वास. ही शेजारच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या रात्री पाण्यात विषारी अमोनिया ०.२५ पीपीएम. चौथा पट्टा पूर्ण आठवडा थांबून, आकडा शून्यावर आल्यावरच काढला.

नवी वाळू: अ‍ॅरॅगोनाइट, म्हणजे चुनखडीची, दाणा अर्धा ते एक मिलिमीटर. तळ १२२ बाय ४६ सेंटिमीटर, थर साडेचार सेंटिमीटर, म्हणजे २५ लिटर. ३६ किलोत भागलं.

रत्नागिरीचा मावसभाऊ म्हणाला, "विकत कसली घेतोस? इथून दोन गोणी भरून आणतो." त्या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइटचे काळे कण असतात, लोहचुंबकाला चिकटतात. काच पुसायच्या चुंबकी ब्रशखाली असा एक कण गेला की काचेवर कायमचा ओरखडा. शिवाय किनाऱ्यावरच्या वाळूत काय काय मिसळलेलं असतं ते कोण बघणार. "आंबे घेऊन ये," म्हटलं.

१८ फेब्रुवारी

खडक उचलून पुन्हा बसवले. आता एकही मोठा खडक वाळूवर टेकलेला नाही. पीव्हीसी पाइपचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे पाय म्हणून चिकटवले, ते थेट काचेवर, वाळू त्यांच्या भोवती. हा मासा खडकाखालीच बीळ करतो, आणि खालची वाळू उकरली की वरचा डोलारा कोसळतो.

कंटाळा आला म्हणून उजवीकडचा एक ठोकळा, दीडेक किलोचा, तसाच वाळूवर ठेवला.

वर झाकण म्हणून ६ मिलिमीटरची जाळी ताणली. गोबी उडी मारतात.

९ मार्च

घेतला. तीन होते, त्यांतला पोट भरलेला निवडला. बाजूने नव्हे, समोरून बघायचं: पोट गोल हवं, डोक्यामागे खाच नको. दुकानदाराला समोर खायला घालायला लावलं. गोठवलेली मायसिस कोळंबी त्याने पाण्यातून नाही, तळावरून उचलली. लांबी ८ सेंटिमीटर.

आई उरणची. पिशवी उजेडात धरून म्हणाली, "अरे, हा तर निवटा! नुसता पांढरा पडलाय." खाडीच्या चिखलातल्या निवटा माशासारखेच डोळे वर, बूड जमिनीला, बिळात घर. चुलत घराणंच म्हणायचं. नाव तेव्हाच ठरलं.

१० ते २३ मार्च

वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत. तांब्याचं औषध घातलं नाही. वाळू ठेवायची तर ते जमत नाही, चुनखडीची वाळू तांबं शोषून घेते आणि मात्रेचा काही भरवसा उरत नाही. वाळूशिवाय हा मासा भेदरून एका कोपऱ्यात बसतो. म्हणून जेवणाच्या डब्यात वाळू, वर पाइपचा तुकडा, आणि चौदा दिवस फक्त डोळ्यांत तेल घालून पाहणं. पांढरे ठिपके नाहीत, श्वास सावकाश. सकाळ-संध्याकाळ खातो.

२४ मार्च

रात्री दिवे मालवल्यावर मोठ्या टाकीत सोडला. खाली सोसायटीत होळी पेटलेली, घरात पुरणाचा वास. सिक्सलाइन रासने दोनदा अंगावर धाव घेतली. निवटा मागे सरकत मधल्या खडकाखाली गेला, आणि पाच मिनिटांत तिथून वाळूचा फवारा बाहेर. घर बांधायला घेतलं.

२ एप्रिल

खरंच दुधासारखी! पुढची सगळी पट्टी पांढरीशुभ्र. कोपऱ्यातला लाल थर दुसऱ्याच दिवशी फाटला आणि पाचव्या दिवशी गायब. तो थर हा मासा खात नाही, उलथून टाकतो एवढंच. वाळू हलती राहिली की त्याला धरायला जागा मिळत नाही.

दिनक्रम: सकाळी साडेसातला बिळाचं दार उघडतो, म्हणजे आदल्या रात्री तोंडाशी रचलेले शिंपल्यांचे तुकडे तोंडाने उचलून बाजूला ठेवतो. मग तासाला कितीतरी घास. मी दहा मिनिटं मोजले: ६१.

बिलही आलं. खालच्या खडकावरचे मश्रूम वाळूखाली पुरले गेले, झोअँथिडच्या अर्ध्या वसाहतीवर ढीग. हवेच्या पंपाची कडक नळी आणि सिरिंज जोडून फुंकर मारून मोकळं करतो, संध्याकाळी पुन्हा तेच. शनिवारी सगळं वर हलवतो. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालून.

काच पुसताना चुंबकात वाळू अडकली आहे का ते दर वेळी बघणे. आज बघितलं नाही. चार इंचांचा ओरखडा, बरोबर मध्यावर.

१९ एप्रिल

रात्री दहाला टॉर्च मारून काचेवरचे कोपेपॉड (ठिपक्याएवढे कवचधारी जीव, माशांचं खाद्य) मोजायची सवय जुनी आहे. डाव्या काचेवर १० सेंटिमीटरचा चौकोन आखलाय. जानेवारीत सरासरी ४० च्या घरात. निवटा सोडला त्या आठवड्यात ३५. आज ६. काचेतून दिसणाऱ्या वाळूच्या थरात पूर्वी किड्यांच्या नागमोडी वाटा असायच्या. आता थर बर्फीच्या वडीसारखा, एकसंध.

वाळू कधी नव्हे इतकी सुंदर. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले.

२७ एप्रिल

फोटो शेजारी शेजारी लावून बघितले: ९ मार्च, २ एप्रिल, आज. तिन्ही वेळा मासा त्याच बाजूने. आज पोटाची रेघ आत गेली आहे, डोक्यामागे खाच पडली आहे. दुकानात ज्या दोघांना मी नाकारलं होतं, त्यांच्यासारखा दिसतो.

पण घास घेणं थांबलेलं नाही! उलट वाढलंय. पुन्हा दहा मिनिटं मोजले: ८८. मी आठवडाभर हे कौतुकाने बघत होतो, काय मेहनती मासा म्हणून. रिकाम्या वाळूचे अठ्ठ्याऐंशी घास.

मायसिस मी दिवसातून एकदा टाकत होतो, वरून. क्लाउनफिश आणि रास ती मधल्या मध्ये उडवतात. तळाशी जे पोचतं ते गोगलगाई. आणि रास दिवसभर खडकांवरून कोपेपॉड टिपत फिरतो, म्हणजे उरलंसुरलंही त्याचं. २०० लिटरच्या टाकीत या माशापुरतं अन्न वाळूत आपोआप तयार होईल असा हिशेब मी केलाच नव्हता. मी त्याला झाडूवाला म्हणून आणला. तो जेवायला बसला होता.

आईला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आमच्या खाडीत भराव पडला नि निवट्या गेल्या. कोणी मारल्या नाहीत."

१३ जानेवारीची हेतूची ओळ खोडली. नवीन: वाळूत खायला असलं पाहिजे.

४ मे

नवी पद्धत. दिवसातून चार वेळा: साडेसात, बारा, पाच, आठ. दुपारचं आई बघते. पाच मिनिटं वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) बंद. आधी वर दुसऱ्या टोकाला चिमूटभर गोळ्या टाकून क्लाउनफिश आणि रासला तिकडे गुंतवायचं. मग सिरिंजच्या नळीने बिळापासून चार बोटांवर, वाळूच्या थोडं आत अन्न सोडायचं. पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्यांकडे निवटा ढुंकूनही बघत नाही. वाळूत पुरलेलं मात्र पहिल्याच घासात शोधतो.

अन्न: मायसिस, बारीक चिरलेली कोळंबी, आणि आईच्या आग्रहाखातर ओला जवळा. बाजारातला जवळा साध्या पाण्यात तीनदा धुऊन बर्फाच्या साच्यात गोठवला, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग वापरायला काढला. कच्च्या मासळीतून रोग येण्याचा धोका गोठवल्याने कमी होतो, संपत नाही. तो घेतला. बायकोने साच्यावर मार्करने ठळक लिहिलंय: "माशाचा. सरबतात टाकू नये."

११ मे

खाच अजून आहे, पण पोटाची रेघ सरळ झाली. घास दहा मिनिटांत ७०.

१८ मे

खोली ३४ अंश, टाकी २९.५. पृष्ठभागावर पंखा लावल्यावर २७.५ पर्यंत उतरली. पण रोज चार-पाच लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी सरळ घालू नये: यांतल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी मिसळतो. माझं यंत्र ४५ दाखवत होतं. कंट्रोलर बंद केला, पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, आता शून्य. घनता १.०२५ वर स्थिर.

९ जून

पाऊस आला आणि पंख्याचा जोर गेला. हवाच ओलीचिंब, पाणी उडणार कुठे? टाकी पुन्हा २९ च्या वर. चिलर घेतला. किती पैसे गेले ते या वहीत लिहीत नाही, वही घरात सगळे वाचतात.

२३ जून

चार वेळच्या जेवणाचा परिणाम: नायट्रेट ५ वरून २५, फॉस्फेट ०.०४ वरून ०.१८. लेदर कोरल आठवडाभर मिटून होतं. स्किमरचा कप आता दोन दिवसांनी भरतो. पाणी दर आठवड्याला ३० लिटर बदलायचं ठरवलं.

सम्पच्या एका कप्प्यात रेफ्युजियम केलं. केटो शैवालाचा नारळाएवढा गोळा, खाली दोन बोटं वाळू, वर छोटा दिवा. तो रात्री पेटतो, मोठ्या टाकीचे दिवे बंद असताना. शैवाल नायट्रेट आणि फॉस्फेट ओढतं, आणि त्यात कोपेपॉड माशांच्या तोंडापासून लांब वाढतात. पंपातून थोडे थोडे वर जात राहतात. शिवाय गच्चीच्या सावलीत पाण्याच्या दोन बरण्यांत वेगळे कोपेपॉड, हिरव्या फायटोप्लँक्टनवर (तरंगत्या सूक्ष्म शैवालावर). पहिली बरणी चौथ्या दिवशी मेली. फायटो जास्त घातलं होतं, पाणी नासलं. दुसरी चालू आहे.

१४ जुलै

रात्री दीडला वीज गेली, पावणेपाचला आली. बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू झाला, त्याच्यासाठी स्वतःची पाठ थोपटत झोपलो. सकाळी आईने उठवलं. निवटा जाळीवर नव्हता, जाळी आणि काच यांच्या फटीत होता, जिथे चिलरच्या पाइपसाठी मी जूनमध्ये जाळी कापली होती. अर्धं अंग हवेत, शेपटी पाण्यात. आईने तळहाताने आत ढकलला होता. दोन दिवस बाहेर आला नाही. उजव्या पंखाची कड फाटलेली.

कापलेल्या जागी फोम ठासला. जूनमध्येच करायचं होतं.

४ ऑगस्ट

रात्री धप्प आवाज. तोच दीड किलोचा ठोकळा. जुलैनंतर निवट्याने बिऱ्हाड उजवीकडे हलवलं होतं, ते मला माहीत होतं, आणि तो खडक वाळूवर आहे हेही माहीत होतं. दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडून. हात घालून उचलला, खाली कोणी नाही. बिळाला मागचं दार होतं.

ठोकळ्याला पाय लावले. एकूण वेळ वीस मिनिटं.

७ ते १२ सप्टेंबर

गणपतीला सगळे गावी. शेजारचा दहावीतला मुलगा जेवण घालायला तयार झाला. औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी असते, तशा दोन आणून प्रत्येक खणात एका वेळचं अन्न गोठवून ठेवलं, खणांवर वार आणि वेळ. शाळेमुळे चारऐवजी दोनच वेळा जमणार होतं. दुसरं काही द्यायचं नाही, "उपाशी वाटतोय" असं वाटलं तरी.

परत आलो तर वहीत त्याच्या अक्षरात नोंदी. एक तशीच उतरवतो: "काका, आज तो ५ वाजता आला नाही. ५:२० ला आला. मी थांबलो होतो. तुमचा लाल मासा सगळ्यांचं खातो." लाल मासा म्हणजे रास. पुढचे दोन दिवस त्याने स्वतःच्या डोक्याने रासला जाळीच्या कपात अडकवून निवट्याला आधी जेवू घातलं. हे मला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

लांबी ११ सेंटिमीटरच्या जवळ. समोरून पोट गोल, खाच भरली. चौकोनातले कोपेपॉड: २२. काचेतून वाळूत पुन्हा दोन नागमोडी वाटा दिसतात. घास दहा मिनिटांत ४०, मधेमधे नुसता पडून राहतो. नायट्रेट १२, फॉस्फेट ०.०९.

डावीकडचा मागचा कोपरा, तळाचा जवळजवळ पाचवा भाग, जाळीच्या पट्टीने अडवलाय. तिथे निवट्याला आणि माझ्या नळीला, दोघांनाही प्रवेश नाही. कोपरा तपकिरी आहे. काल आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तिथे साफ करायचं राहिलं का?" हो म्हटलं.

या प्रजातीचे मासे निसर्गात जोडीने राहतात. दुकानदार दुसरा देतो म्हणतोय. २०० लिटरमध्ये दोघांचं पोट भरणार नाही, नाही सांगितलं.

सिरिंजचा रबर झिजलाय, दट्टा अडकतो. उद्या औषधाच्या दुकानातून ५० मिलीच्या दोन.